जुन्या गाडीत कोणतं डिझेल इंजिन बसवायचं? हॉर्सपॉवरच्या आधी गिअरबॉक्स, ब्रेक आणि आरसी बघा

मुरबाडला रेल्वे नाही. शहापूर तालुक्यात रेल्वे आहे, पण ती वाशिंद, आसनगाव, खर्डी, कसारा अशी एका रेषेत जाते. डोळखांब, किन्हवली, धसई किंवा टोकावड्याच्या बाजूला राहणाऱ्यांचा जीव रस्त्यावरच्या गाड्यांवर. भेंडी, काकडी बाजारात न्यायची, भाताची पोती हलवायची, पेशंटला रात्री दवाखान्यात पोहोचवायचं, म्हशाच्या यात्रेला जायचं, सगळ्याला गाडी लागते. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत. बोलेरो पिकअप, कमांडर, मॅक्स, सुमो, ट्रॅक्स, टाटा २०७, क्वालिस.

अशा गाडीचं इंजिन एक दिवस दम टाकतं. मग गॅरेजमध्ये चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं स्कॉर्पिओचं इंजिन टाक, गाडी उडेल. कुणी म्हणतं इनोव्हाचं टाक, आवाजच येणार नाही. मोबाईलवर पंजाब नाहीतर केरळमधले व्हिडिओ दिसतात, जुन्या जीपमध्ये नवं कोरं इंजिन आणि मागे जोरदार गाणं.

पण ज्याचं घर त्या गाडीवर चालतं, त्याच्यासाठी हा निर्णय हौसेचा नसतो. चुकीचं इंजिन निवडलं तर गाडी सहा महिने गॅरेजात पडून राहू शकते, फिटनेस अडकू शकतं आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे हातचे जाऊ शकतात. म्हणून इंजिन कसं निवडायचं, हे नीट समजून घेऊ.

आधी हे ठरवा: इंजिन खरंच गेलंय का?

"इंजिन बसलं" हे वाक्य गॅरेजमध्ये फार सहज बोललं जातं. पण गाडी ओढत नाही म्हणजे इंजिन गेलंच, असं नसतं. डिझेल फिल्टर तुंबणं, एअर फिल्टर भरणं, नॉझल खराब होणं, पंपाचं कॅलिब्रेशन बिघडणं, क्लच प्लेट घासणं, या सगळ्यांत गाडी चढाला दम टाकते.

धुराचा रंग बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व्हकडे बघा. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरतंय.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती तयार होतो, हे मीटर लावून मोजतात. चारपैकी एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल तर दुरुस्ती वेगळी, चारही उतरले असतील तर वेगळी. हा आकडा हातात नसताना इंजिन बदलायचा निर्णय घेऊ नका.

रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग इतकंच लागत असेल तर गॅरेजच्या भाषेत ते "हाफ इंजिन" काम. लायनर किंवा बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग असं सगळं काढलं तर "फुल इंजिन". जुन्या साध्या डिझेल इंजिनांची खासियत हीच की ती पुन्हा बांधता येतात. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक आणखी घासायला जागाच उरली नसेल, तेव्हाच दुसऱ्या इंजिनाचा विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो.

तीन रस्ते

पहिला, आहे तेच इंजिन पुन्हा बांधणं. इंजिन क्रमांक तोच राहतो, कागदपत्रांना हात लावावा लागत नाही.

दुसरा, त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन आणून बसवणं. माउंटिंग, क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सर सगळं जागच्या जागी बसतं. क्रमांक बदलतो, त्यामुळे आरटीओचं काम करावं लागतं. काही कंपन्या स्वतःच असं इंजिन देतात. उदाहरणार्थ, टाटा मोटर्सची "प्रोलाईफ" नावाची योजना आहे. तिथे जुनं इंजिन जमा करून कंपनीने पुन्हा बांधलेलं इंजिन घेता येतं.

तिसरा, दुसऱ्या मॉडेलचं किंवा दुसऱ्याच कंपनीचं इंजिन. व्हिडिओत दिसतो तो हाच. खर्च, वेळ आणि कायदा, तिन्ही बाजूंनी सगळ्यात अवघड रस्ताही हाच.

तसं बघायला गेलं तर एकाच गाडीत वेगवेगळी इंजिनं बसवण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली तेव्हा त्या पेट्रोलवर चालायच्या. पुढे डिझेल स्वस्त म्हणून लोकांनी त्यात मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं, आणि नंतर कंपनीनेच प्यूजोच्या आराखड्यावरचं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन एमएम-५४० सारख्या जीपमध्ये दिलं. बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समध्ये मर्सिडीज-बेन्झच्या आराखड्यावरचं ओएम-६१६ होतं. फरक इतकाच की कंपनी इंजिन बदलते तेव्हा सोबत गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक यांचाही हिशोब करते आणि गाडीची मंजुरी घेते. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा फक्त इंजिन बदलतं.

डिझेल स्वस्त म्हणून पेट्रोल गाडी डिझेलवर न्यायचं कारणही आता तितकं उरलेलं नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले. पेट्रोल-डिझेलमधला फरक पूर्वीसारखा राहिला नाही.

घाटात हॉर्सपॉवर नाही, टॉर्क ओढतो

इंजिनाच्या जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात असते. भरलेली पिकअप चढावर उचलायची तर टॉर्क बघावा लागतो, आणि तो किती आरपीएमला मिळतो तेही. आरपीएम म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं तो आकडा. टॉर्क म्हणजे चाक फिरवायचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात.

तीन ओळखीची इंजिनं घेऊ.

- जुन्या बोलेरोचं २,५२३ सीसी डीआय: सुमारे ६३ हॉर्सपॉवर, पण १८० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही साधारण १,५०० आरपीएमला.
- क्वालिसचं २,४४६ सीसी: ७५ हॉर्सपॉवर, टॉर्क १५१ न्यूटन-मीटर, २,४०० आरपीएमला.
- स्कॉर्पिओचं २,१७९ सीसी एमहॉक: १२० हॉर्सपॉवर आणि २९० न्यूटन-मीटर.

क्वालिसचं इंजिन कागदावर बोलेरोपेक्षा ताकदवान आणि चालवायला मऊ. पण माल भरून माळशेज चढून ओतूर-आळेफाट्याकडे जायचं असेल, तर कमी फेऱ्यांत जास्त जोर देणारं बोलेरोचं इंजिन जास्त निवांत चढेल. क्वालिसचं इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवावं लागेल.

मग सरळ एमहॉकच टाकावं? तिथे उलटी अडचण. जुनी गिअरबॉक्स, क्लच, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, मागचा एक्सल हे सगळं १८० न्यूटन-मीटरच्या आसपासच्या जोरासाठी बनवलेलं असतं. त्यावर २९० चा जोर आला की साखळीतली सगळ्यात कच्ची कडी तुटते. ती कडी घाटात तुटली तर मागे येणाऱ्या गाड्यांचाही प्रश्न असतो.

डिफरन्शियलचं गणित: पाच मिनिटांत करता येतं

इंजिन बसलं, सुरू झालं, पण हायवेवर गाडी ८० च्या पुढे जाईना. अशी तक्रार बऱ्याचदा येते. दोष इंजिनाचा नसतो, दातांच्या गणिताचा असतो.

जुन्या जीपमध्ये डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ सापडतं. म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. समजा टायरचा घेर २.२ मीटर आहे आणि टॉप गिअर सरळ आहे, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात.

इंजिन ४,००० आरपीएमपर्यंत जाणारं असेल तर: ४,००० भागिले ५.३८, म्हणजे चाकाचे मिनिटाला साधारण ७४३ फेरे. गुणिले २.२ मीटर, गुणिले ६० मिनिटं. वेग ताशी सुमारे ९८ किलोमीटर.

त्याच गाडीत ३,२०० आरपीएमला थांबणारं डीआय इंजिन बसवलं तर वेग ताशी ७८ किलोमीटरवर अडकतो. डिफरन्शियल ४.२७ चं केलं तर तेच इंजिन ताशी सुमारे ९९ किलोमीटर देतं.

पण दुसरी बाजू लक्षात ठेवा. डिफरन्शियल उंच केलं की पहिल्या गिअरमधला चढायचा जोर कमी होतो. शहापूरहून मुंबई-नाशिक महामार्गावर रोजची धाव असेल तर ४.२७ ठीक. आडवळणाच्या कच्च्या रस्त्यावर पोती भरून जायचं असेल तर ५.३८ चं मंद चालणंच कामाचं. म्हणजे इंजिन निवडताना प्रश्न एकच: ही गाडी वर्षातले जास्त दिवस कुठे चालते?

साधा पंप की कॉमन रेल?

डिझेल इंजिनांचे ढोबळ दोन प्रकार समजून घ्या.

जुन्या इंजिनात मेकॅनिकल पंप असतो. वायरिंग जवळपास नाहीच. डिझेल, हवा आणि स्टार्टर मिळाला की इंजिन चालतं. दुरुस्ती करणारे फिटर तालुक्याच्या गावात सापडतात. यातही दोन जाती आहेत. प्यूजो किंवा क्वालिससारख्या इंजिनात डिझेल आधी छोट्या खोलीत जळतं, त्यांना सकाळी सुरू करायला ग्लो प्लग लागतात. डीआय, म्हणजे डायरेक्ट इंजेक्शनमध्ये डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं. आवाज जास्त, पण डिझेल कमी लागतं.

नव्या इंजिनात कॉमन रेल. डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने फवारलं जातं आणि किती, कधी फवारायचं हे संगणक ठरवतो. गाडी मऊ चालते, धूर कमी, ॲव्हरेज चांगला. पण असं इंजिन एकटं येत नाही. त्याच्यासोबत ईसीएम, पूर्ण वायरिंग, सगळे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल आणि चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची मूळ चावी लागते. यातलं एक जरी राहिलं तरी इंजिन सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन ताकद दाबून चालतं.

गावाकडच्या वापरात आणखी एक गोष्ट आहे. पंप लांब असला की डिझेल कॅनमध्ये आणून ठेवलं जातं. पावसाळ्यात त्यात पाणी जातं, तळाला कचरा बसतो. जुना पंप थोडंफार सहन करतो. कॉमन रेलचे इंजेक्टर सहन करत नाहीत आणि ते महाग असतात. कॅनमधलं डिझेल वापरणं टळणारच नसेल, तर मेकॅनिकल पंपाचं इंजिन सोडू नका.

बीएस-६ इंजिन तर विसराच. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या या निकषांसाठी धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आणि त्याचे सेन्सर लागतात. जुन्या गाडीत हे सगळं बसवणं व्यवहारात जमणारं नाही, आणि ते काढून टाकून इंजिन चालवलं तर बीएस-६ घेतल्याचा अर्थच उरत नाही.

ब्रेक कुणी बघितले का?

हा मुद्दा व्हिडिओत सहसा नसतो.

पेट्रोल इंजिन चालताना त्याच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो आणि ब्रेक बूस्टर त्यावर काम करतो. डिझेल इंजिनात तसा व्हॅक्यूम मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे असतो. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवताना हा पंप राहिला, किंवा इंजिन आणताना दुसराच अल्टरनेटर आला, तर ब्रेक पेडल दगडासारखं कडक होतं. सपाट रस्त्यावर हे पटकन कळत नाही. कसारा घाट उतरताना कळतं.

दुसरं, इंजिन जड झालं की पुढच्या पाट्यांवर भार वाढतो, गाडी पुढे झुकते आणि ब्रेक लावल्यावर आणखी झुकते. आणि वेग वाढला की थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ६० ऐवजी ९० ने गाडी गेली तर वेग दीडपट होतो, पण ब्रेक लावून थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. जुन्या ड्रम ब्रेकवर हे अंतर आणखी लांबतं.

त्यामुळे इंजिन वाढवायचं असेल तर ब्रेक, पाटे आणि रेडिएटरचा खर्च आधीच धरा. रेडिएटर छोटा राहिला तर मे महिन्याच्या उन्हात अर्ध्या घाटातच गाडी तापते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ इथे लागू होतं. उत्पादक कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांच्या मंजूर किटसाठी वेगळी तरतूद आहे. दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन आणून बसवणं त्या तरतुदीत बसत नाही.

जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच स्पष्ट केलं. मूळ तपशिलाला धक्का लागेल असा बदल चालणार नाही. नोंदणी प्रमाणपत्रातले बाकीचे तपशील मात्र नियमाप्रमाणे बदलून नोंदवता येतात. त्याच प्रकारचं इंजिन बदललं तर ती नोंद करून घेण्याचा मार्ग इथून निघतो. कलम ५२ मध्ये असा बदल १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आरटीओला, कळवायला सांगितलं आहे. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती घ्या.

नियम मोडून बदल केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

दंडापेक्षा मोठा फटका विम्याचा. आरसीवर एक इंजिन क्रमांक आणि गाडीत दुसरा असेल, तर अपघातानंतर सर्वेअर आधी तेच बघतो. स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या जखमी माणसाची भरपाईही शेवटी मालकाच्या अंगावर येऊ शकते. प्रवासी जीप आणि मालवाहू पिकअप यांना आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तिथेही इंजिन क्रमांक तपासला जातो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करताना तेच.

दहा वर्षांनंतर डिझेल गाडी बंद, असा मेसेज अधूनमधून फिरतो. तो नियम दिल्ली-एनसीआरसाठी आला होता. ठाणे जिल्ह्यातल्या गाड्यांना तो लागू नाही.

जुनं इंजिन विकत घेताना

मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात आणि इतर भंगारवाल्यांकडे जुनी इंजिनं मिळतात. किंमत ठरवण्याआधी कागद मागा. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची प्रत, गाडी भंगारात काढल्याचा कागद, आणि इंजिन क्रमांक लिहिलेलं पक्कं बिल. क्रमांकाच्या जागी घासल्याची, पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर तिथूनच परत फिरा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल नसेल तर आपल्याला माहीत नव्हतं, हे पटवून देणं अवघड जातं.

कागद ठीक असतील तर इंजिन बघा.

- थंड इंजिन सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन दोष लपवतं.
- ऑइलचं झाकण उघडून बघा. तिथून जोरात धूर येत असेल तर रिंग गेल्या आहेत.
- ऑइल दुधट दिसलं तर त्यात पाणी गेलंय. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा हेडवर संशय घ्या.
- ऑइल प्रेशर आणि कॉम्प्रेशन मीटर लावून बघा, कानाने नको.
- क्लच, फ्लायव्हील, बेल हाऊसिंग, स्टार्टर, अल्टरनेटर आणि व्हॅक्यूम पंप सोबत घ्या. नंतर एकेक शोधायला गेलं की तेच महागात पडतं.

मग निवडायचं कोणतं?

समजा डोळखांबच्या एखाद्या शेतकऱ्याकडे जुनी डीआय बोलेरो पिकअप आहे. रात्री भेंडी भरायची, पहाटे कल्याणच्या बाजारात उतरवायची. त्याच्यासाठी आधी हाफ किंवा फुल इंजिन काम, ब्लॉकच गेला असेल तर तेच २,५२३ सीसी डीआय, क्रमांकाची आरसीवर नोंद करून. यात मिरवण्यासारखं काही नाही. पण सुटे भाग मिळतात, फिटरला इंजिन पाठ असतं आणि हंगामात गाडी उभी राहत नाही.

सुमो, टाटा २०७ किंवा क्वालिसला हाच नियम. ज्या इंजिनावर गाडी कंपनीतून आली, त्याच जातीचं इंजिन.

जिप्सी किंवा जुनी पेट्रोल जीप डिझेलवर न्यायची हौस असेल, तर गॅरेजवाल्याआधी आरटीओत जा. बदलाची नोंद होईल का, हे लेखी विचारा. "आमच्या ओळखीने होऊन जाईल" या उत्तरावर ॲडव्हान्स देऊ नका.

आणि दोन्ही बाजूंचा खर्च कागदावर मांडा. एका बाजूला इंजिन, मजुरी, क्लच, रेडिएटर, ब्रेक, पाटे, आरटीओ आणि गाडी उभी राहील त्या दिवसांचं बुडालेलं भाडं. दुसऱ्या बाजूला तीच गाडी आहे त्या भावात विकून, थोडी भर घालून, चांगल्या इंजिनाची वापरलेली पिकअप. बेरीज सारखी आली तर दुसरी गाडी घ्या. तिच्या आरसीवरचा क्रमांक आणि ब्लॉकवरचा क्रमांक एकच आहे ना, एवढं मात्र व्यवहाराच्या दिवशी टॉर्च लावून स्वतः वाचून बघा.